क्षमता, वेग आणि हमी : बाह्य हार्ड डिस्कच्या ग्राहकांचे अनुभव व त्यांमागील शब्दार्थ

१. विषयाची मर्यादा

पुणे शहराच्या ईशान्य भागात, येरवड्याहून आळंदीकडे जाणाऱ्या मार्गावर विश्रांतवाडी ही वस्ती आहे. आषाढवारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात येते ती ह्याच मार्गाने. येरवड्यातील डेक्कन कॉलेज ही संशोधनसंस्था येथून जवळ असून मराठी बोलींच्या अभ्यासाशी तिचा संबंध जुना आहे. त्या संस्थेच्या संस्कृत महाकोशाचे संपादक डॉ. अ. मा. घाटगे ह्यांची मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची ग्रंथमाला १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. अलीकडच्या काळात राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने डेक्कन कॉलेजने महाराष्ट्रातील बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. घाटगे ह्यांच्या काळी संशोधकाचा मुख्य आधार वही हा होता. आज तो ध्वनिमुद्रण हा आहे, आणि ध्वनिमुद्रण म्हटले की ते कोठे साठवावयाचे हा प्रश्न ओघानेच येतो.

विश्रांतवाडीत बिऱ्हाड करून राहणारा व भाषाविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेणारा एखादा विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी तो एक बाह्य हार्ड डिस्क विकत घेतो. मग ती घराजवळच्या दुकानातून असो, बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून असो, अथवा घरपोच मागविलेली असो. त्याच्या दृष्टीने ही खरेदी वहीच्या खरेदीसारखीच साधी असते. पुढे मात्र त्याला जे अनुभव येतात ते वहीच्या ग्राहकाला कधी येत नाहीत. विकत घेतलेली जागा कमी भरते. सांगितलेला वेग मिळत नाही. आणि एके दिवशी डिस्क उघडेनाशी झाली की हमीचा कागद हाती असूनही जे गेले ते परत येत नाही.

अशा तक्रारींचा दोष बहुधा वस्तूच्या निकृष्टतेला दिला जातो. काही वस्तू निकृष्ट असतात, ह्यात शंका नाही. तथापि ह्या तक्रारींचा बराच मोठा भाग शब्दार्थाशी निगडित आहे. वेष्टनावरील क्षमता, वेग आणि हमी ह्या तीन शब्दांना व्यापारात एक अर्थ असतो व ग्राहकाच्या मनात दुसरा. हे अंतर कसे पडते आणि संशोधकाला त्याची किंमत काय द्यावी लागते, हे स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. वस्तूचे स्वरूप

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने ३५० ह्या क्रमांकाचे साठवणयंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सर्व मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे त्यांवर मावत. आजची खिशात मावणारी एक टेराबाइटची डिस्क अक्षरसंख्येच्या हिशेबाने तशा दोन लक्ष यंत्रांइतकी आहे. आकार पालटला; तत्त्व मात्र तेच राहिले. चुंबकीय लेप दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि तिच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता एक सूक्ष्म शीर्ष त्यावर लेखन व वाचन करते.

बाह्य डिस्कच्या आवरणात साधारणतः अडीच इंची जातीची डिस्क असते. शीर्ष आणि तबकडी ह्यांमधील अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते. मानवी केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. हे अंतर ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळ अनुभवांचा उलगडा होतो. तबकडी थांबलेली असताना शीर्ष सुरक्षित जागी उभे असते. तेव्हा बसलेला धक्का डिस्क बहुधा सोसते. तबकडी फिरत असता टेबलावरून खाली पडणे किंवा केबलला हिसका बसणे हे त्याहून कितीतरी अधिक घातक ठरते. वहीप्रमाणे वाटेल तेथे ठेवावी अशी ही वस्तू नव्हे. ते चालते यंत्र आहे.

चिपवर आधारलेली, म्हणजे एसएसडी ह्या नावाने ओळखली जाणारी साठवणसाधने ह्याहून निराळी होत. त्यांत फिरणारा भाग नसल्यामुळे पडण्याचे भय कमी असते. परंतु ती बिघडली तर पुष्कळदा आगाऊ आवाज अथवा मंदपणा न दाखविता एकाएकी बंद पडतात, आणि वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहण्यास ती योग्य मानली जात नाहीत. प्रवासाला ती सोयीची. पेटीत वर्षानुवर्षे ठेवून देण्यास नव्हेत.

३. क्षमता

नव्या ग्राहकाची पहिली तक्रार क्षमतेविषयी असते. वेष्टनावर एक टेराबाइट असे छापलेले असते. विंडोज प्रणालीच्या संगणकाला डिस्क जोडली की पडद्यावर ९३१ जीबी दिसतात. दोन टेराबाइटच्या डिस्कवर १,८६३ दिसतात. उरलेली जागा दुकानदाराने वा कंपनीने लाटली असा ग्रह ह्यातून होतो.

वस्तुतः येथे काहीही हरवलेले नसते. डिस्कचे उत्पादक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट असे दशमान पद्धतीने मोजतात. विंडोज प्रणाली त्याच नावाखाली दोनाचा तिसावा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, एवढे माप धरते. माप दोन आणि नाव एक, असा हा प्रकार आहे. ह्यावर तोडगा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान मापांसाठी किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र उपपदे ठरविली. ती शास्त्रीय ग्रंथांत आली, पण बाजारात रुळली नाहीत. ॲपलच्या प्रणालीने २००९ पासून दशमान माप स्वीकारले. त्यामुळे तीच डिस्क एका संगणकावर १,००० जीबीची व दुसऱ्यावर ९३१ जीबीची भासते. अमेरिकेत ह्याच कारणावरून ग्राहकांनी सामूहिक दावे दाखल केले. वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये व सीगेटने २००७ मध्ये, दोष मान्य न करता, ते तडजोडीने मिटविले. शेर आणि किलो ह्यांचा गोंधळ आपल्या बाजारांनी दशमान पद्धती आली तेव्हा अनुभवला. तथापि तेथे निदान नावे तरी वेगळी होती.

संशोधकाने जागेचा हिशेब नावावरून न करता बाइटांवरून करावा. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा व दोन वाहिन्या अशा प्रकारचे असंपीडित ध्वनिमुद्रण तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट जागा घेते. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी सुमारे ९६० तासांची मुद्रणे मावतात. बोलींच्या कामाला एवढी जागा पुष्कळ आहे. चित्रमुद्रण जोडले की मात्र ती झपाट्याने संपते.

ह्या निरुपद्रवी गैरसमजाहून अगदी निराळा असा एक खरा फसवणुकीचा प्रकार आहे. अल्प किमतीत १६ टेराबाइट वगैरे क्षमता सांगणारी काही साधने विकली जातात. त्यांच्या आवरणात एखादे लहान मेमरी कार्ड बसविलेले असते आणि संगणकाला खोटा आकडा कळविण्याची योजना केलेली असते. आरंभीच्या फायली नीट लिहिल्या जातात. खरी जागा संपल्यावर पुढचे लेखन पहिल्यावर चढते अथवा नाहीसे होते. फसवणूक उघड होते ती कित्येक आठवड्यांनी, जुनी फाईल उघडू गेल्यावर. ह्यावर उपाय एकच : नवी डिस्क आली की तिच्यात महत्त्वाचे काही ठेवण्यापूर्वी ती संपूर्ण भरून परत वाचून पाहावी. ह्या कामासाठी एच२टेस्टडब्ल्यू, एफ३ अशी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत.

४. वेग

वेगासंबंधीची निराशा दोन कारणांनी होते. वेष्टनावरील आकडा बिटांत असतो आणि ग्राहक तो बाइटांत समजतो, हे पहिले कारण. आठ बिटांचा एक बाइट होतो. दुसरे कारण असे की तो आकडा डिस्कचा नसून जोडणीचा असतो. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० ह्या जोडणीची मर्यादा सेकंदाला पाच गिगाबिट आहे. परंतु फिरती अडीच इंची डिस्क सेकंदाला साधारणतः १०० ते १४० मेगाबाइटच देऊ शकते. रस्ता रुंद केल्याने बैलगाडी अधिक वेगाने धावत नाही.

येथेही नावांनी गोंधळ वाढविला. यूएसबी ३.० हीच जोडणी पुढे ३.१ जेन १ व त्यानंतर ३.२ जेन १ ह्या नावांनी ओळखली जाऊ लागली. वस्तू तीच राहून आकडा मात्र वाढत गेला. ३.२ हे ३.० पेक्षा वेगवान असलेच पाहिजे असे मानणाऱ्या ग्राहकाचा तर्क चुकीचा नाही. नामकरणच तर्काला सोडून आहे.

व्यवहारात ह्याचा परिणाम वेळेवर होतो. सेकंदाला १०० मेगाबाइट ह्या वेगाने एक टेराबाइटची प्रत करण्यास पावणेतीन तास लागतात. तीच डिस्क जुन्या यूएसबी २.० जोडणीला लावली व प्रत्यक्ष वेग ३० मेगाबाइटांवर आला, तर सव्वानऊ तास लागतात. ज्या कामाला सव्वानऊ तास लागतात ते काम माणूस पुढे ढकलतो. दुसरी प्रत न होण्याचे कारण पुष्कळदा आळस नसून चुकीची केबल हे असते.

५. ‘डिस्क गेली’

मराठी ग्राहक बिघाडाचे वर्णन बहुधा एका क्रियापदाने करतो : डिस्क गेली. वीज जाते, रंग जातो, माणूस जातो, तशी डिस्कही जाते. ह्या क्रियापदात निर्णय असतो, निदान नसते. आणि निदानावाचून केलेले उपाय येथे विशेष हानिकारक ठरतात. म्हणून ‘गेली’ ह्या एका शब्दाखाली येणाऱ्या अवस्था वेगळ्या करणे अगत्याचे आहे.

डिस्क जोडल्यावर दिवा लागत नाही अथवा लागून विझतो, तेव्हा दोष पुष्कळदा केबलचा किंवा संगणकाच्या खाचेतून अपुरी वीज मिळण्याचा असतो. दुसरी केबल, दुसरी खाच किंवा दुसरा संगणक एवढ्याने काम भागते. डिस्क दिसते, पण ‘फॉरमॅट करा’ असे संगणक सांगतो, तेव्हा फायलींची सूची बिघडलेली असते. लेखन चालू असता केबल उपटणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. येथे सूचना मान्य करून फॉरमॅट करणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण मूळ मजकूर बहुधा अद्याप जागेवर असतो. एका संगणकावर लिहिता येते आणि दुसऱ्यावर केवळ वाचता येते, हा तर बिघाडही नव्हे. विंडोजची एनटीएफएस मांडणी ॲपलचा संगणक वाचतो, तीवर लिहीत नाही. दोन्हीकडे चालणारी एक्सफॅट मांडणी आरंभीच निवडली म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्‌टक् आवाज येऊ लागला, तर मात्र शीर्षाला इजा झालेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी पुनःपुन्हा जोडून पाहणे म्हणजे जखमी तबकडीवर शीर्ष घासत राहणे होय. डिस्क ताबडतोब बंद करून ती तज्ज्ञाकडे द्यावी, हाच मार्ग. काही बाह्य डिस्कांत यूएसबीची खाच मुख्य पट्टीवरच बसविलेली असते, तर काहींत मजकूर त्या पट्टीकडूनच सांकेतिक केला जातो. त्यामुळे आवरण फोडून डिस्क दुसऱ्या पेटीत घालण्याची घरगुती युक्ती तेथे चालत नाही.

बिघाडाची पूर्वसूचना मिळेल असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. गूगल कंपनीच्या संशोधकांनी आपल्या केंद्रांतील एक लक्षाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या अंतर्गत तपासणीने दोषाची कोणतीही खूण नोंदविलेली नव्हती. त्या डिस्क संगणकांत कायम बसविलेल्या होत्या. पिशवीतून हिंडणाऱ्या डिस्कला ह्याहून बरी वागणूक मिळते असे म्हणता येणार नाही.

इतर ग्राहकांचे अभिप्राय वाचून खरेदी करण्याची रीत आता रूढ आहे. ते वाचताना काळाचे भान ठेवावे. वस्तू मिळाल्याच्या आठवड्यात लिहिलेला अभिप्राय वेष्टन, दिसणे व आरंभीचा वेग ह्यांची साक्ष देतो; टिकाऊपणाची साक्ष देणे त्याला शक्यच नसते. भारतीय मानक ब्यूरोने अशा अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. तथापि मानकाने अभिप्राय प्रामाणिक झाला, तरी तो दीर्घदर्शी होत नाही.

६. हमी

इंग्रजीतील वॉरंटी व गॅरंटी हे दोन्ही शब्द एकाच जर्मानिक धातूपासून आले. उत्तर फ्रान्सच्या बोलीतून एक रूप आले व मध्य फ्रान्सच्या बोलीतून दुसरे. मूळ एक असलेल्या अशा जोडशब्दांना पुढे भिन्न अर्थ चिकटतात, हे भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठी बाजारभाषेने ह्या जोडीत स्वतःचा भेद केला आहे : गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त होऊन मिळणार. दुकानातील बोलणे ह्याच भेदावर चालते. मात्र बाह्य डिस्कच्या बाबतीत तो भेद निरुपयोगी आहे. डिस्क सहसा दुरुस्त केली जात नाही, बदलूनच दिली जाते. आणि बदलून आलेली डिस्क रिकामी असते. वॉरंटी असो वा गॅरंटी, ती वस्तूची असते, आशयाची नसते. उत्पादकांच्या हमीपत्रांत साठविलेल्या मजकुराची जबाबदारी स्पष्ट शब्दांत नाकारलेली असते. वाक्य छापलेले असते. पण ‘हमी’ हा शब्द ऐकून निश्चिंत झालेला ग्राहक ते वाचत नाही.

वस्तूपुरता ग्राहकाचा हक्क दुर्बळ नाही. ग्राहक चळवळीत पुण्याचे स्थान मोठे आहे; बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची स्थापना येथेच केली. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यानुसार विक्रेता कोठलाही असला, तरी विश्रांतवाडीत राहणाऱ्या ग्राहकाला पुणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लक्ष रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. १९१५ ह्या क्रमांकाची राष्ट्रीय साहाय्यवाहिनीही आहे. ह्यासाठी छापील बिल व डिस्कवरील अनुक्रमांक जपून ठेवणे आवश्यक ठरते. परंतु आयोग झाला तरी तो वस्तू, किंमत वा भरपाई देववू शकतो. पुसलेला आवाज परत आणण्याची शक्ती त्याच्याकडे नाही.

आणखी एक बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. बदलून घेण्यासाठी बिघडलेली डिस्क परत द्यावी लागते, आणि तिच्याबरोबर निवेदकांचे आवाज, नावे व त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या घरगुती गोष्टीही परक्या हाती जातात. निवेदकाने संमती दिली ती संशोधकाला. सर्व्हिस सेंटरला नव्हे. म्हणून अशी मुद्रणे आरंभापासून सांकेतिक स्वरूपात ठेवणे व त्याचा परवलीचा शब्द संशोधकाशिवाय आणखी एका जबाबदार व्यक्तीकडे असणे, ही सावधगिरी नीतीचा भाग समजली पाहिजे.

७. जतन

एका निवेदकाच्या तोंडून एकदाच निघालेले बोलणे दुसऱ्यांदा तसेच मिळत नाही. निवेदक वृद्ध असेल, तर मुळीच मिळत नाही. वहीतील टिपणावरून शब्द सांगता येतात. पण आघात, सूर आणि वाक्यातील विराम केवळ मुद्रणात असतात. अशा सामग्रीचे जतन एका वस्तूवर सोपविणे हे त्या वस्तूच्या हमीचा चुकीचा अर्थ लावणे होय.

ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या निमित्ताने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत भारतीय भाषांतील आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करण्यात आले. शंभर वर्षांनंतर ते आवाज आजही ऐकू येतात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई संग्रहात ते सर्वांना खुले आहेत. त्या तबकड्या हार्ड डिस्कहून मजबूत होत्या असे नाही. लाखेची तबकडी हातून पडली की फुटते. त्यांचे संच एकाहून अधिक संस्थांत ठेवले गेले आणि योग्य वेळी नव्या माध्यमावर त्यांची प्रत झाली, म्हणून ते आवाज उरले.

ह्यावरून नियम निघतो तो असा : प्रती तीन असाव्यात, त्यांपैकी दोन तरी भिन्न साधनांवर असाव्यात आणि एक दुसऱ्या ठिकाणी असावी. शेवटची अट पुण्याला निराळी समजावून सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील घरांत एका कपाटातील मूळ कागद व दुसऱ्या कपाटातील त्याची नक्कल ह्यांची गत एकच झाली. विश्रांतवाडीतील खोलीत एकाच खणात ठेवलेल्या दोन डिस्क ह्या हिशेबाने एकच प्रत समजावी. एक गावी घरच्यांकडे, आणि शक्य तर एक विभागाच्या संग्रहात, अशी व्यवस्था अल्प खर्चात होते.

प्रत टिकली तरी ती वाचता आली पाहिजे, ही अखेरची अट मराठी अभ्यासकांच्या विशेष परिचयाची आहे. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती इत्यादी टंकांच्या स्वतंत्र संकेतांत लिहिला जात असे. त्या काळच्या कितीतरी फायली आजही सुखरूप आहेत. मात्र तो टंक नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या, तर रोमन चिन्हांची अर्थहीन ओळ दिसते. डिस्क राहिली आणि लिपी गेली, असा हा प्रकार. सबब लिप्यंकने युनिकोडमध्ये व मुद्रणे असंपीडित, सर्वपरिचित स्वरूपात ठेवावीत, प्रत्येक मुद्रणाबरोबर बोली, गाव, दिनांक व निवेदकाचा संकेतांक ह्यांची नोंद असावी, आणि वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहावी. चार-पाच वर्षांनी डिस्क चालू असली तरी ती बदलावी.

डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. त्यासाठी सुमारे एक कोटी शब्दपत्रिका तयार झाल्या आणि कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोशकार्याची कालगणना अशी असते. बाह्य डिस्कची हमी सामान्यतः दोन-तीन वर्षांची असते. भाषेच्या अभ्यासाचा काळ आणि विक्रेत्याच्या आश्वासनाचा काळ ह्यांतील हे अंतर भरून काढण्याचे काम कोणतीही कंपनी करणार नाही. ते अभ्यासकाला व त्याच्या विभागाला करावे लागते. डिस्क अवश्य विकत घ्यावी, पारखून घ्यावी, बिल जपून ठेवावे; परंतु विकत मिळते ती जागा होय, जतन नव्हे, एवढा भेद खरेदीच्या वेळीच मनाशी पक्का असावा.